डोंगराळ रस्त्यांवर सायकल: मार्ग आखण्यापासून उतार उतरेपर्यंत

सपाट रस्त्यावर ५० किलोमीटर हसतखेळत जाणारी माणसं डोंगराळ भागात ३० किलोमीटरलाच मेटाकुटीला येतात आणि ‘हे आपलं काम नाही’ म्हणून पुन्हा सपाटीवर परततात. बहुतेक वेळा त्यांच्या पायांत काही कमी नसतं, मार्गच चुकीचा निवडलेला असतो. अंतर बघितलेलं असतं, चढाई बघितलेली नसते. चढाची धास्ती घेतलेली असते, उताराचा मात्र विचारही केलेला नसतो. म्हणून या लेखाचा मोठा भाग घरी बसून करायच्या तयारीबद्दल आहे. तुम्हाला सपाट रस्त्यावर दोन तास सायकल चालवायची सवय आहे, आणि तुम्हाला शर्यत न जिंकता दिवस मजेत घालवायचा आहे, एवढं इथे गृहीत धरलं आहे.

१. आधी चढाई बघा, मग अंतर

कुठल्याही मार्गाचे दोन आकडे काढायचे: एकूण अंतर आणि एकूण चढाई. एकूण चढाई म्हणजे वाटेत जितकं वर चढलात त्या सगळ्या मीटरांची बेरीज. उतरलेलं त्यातून वजा होत नाही. त्यामुळे जिथून निघालात तिथेच परत आलात तरी चढाई ८०० मीटर भरू शकते.

अंदाजासाठी एक ढोबळ माप चांगलं चालतं. दर १० किलोमीटरला ५० मीटरपर्यंत चढाई असेल तर मार्ग जवळजवळ सपाट. १०० मीटरच्या आसपास असेल तर तो खरा डोंगराळ मार्ग. १५० मीटरच्या वर गेला की तो पाय आणि दम दोन्हींची परीक्षा बघतो, आणि पहिल्या महिना-दोन महिन्यांत तिकडे फिरकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पहिल्या फेरीसाठी ३० किलोमीटर आणि ३०० मीटर चढाई पुष्कळ झाली.

वेळेचा हिशेबही याच आकड्यांवरून होतो. माणूस, सायकल आणि सामान मिळून ८० किलो वजन १०० मीटर वर न्यायला सुमारे ७८ किलोज्यूल ऊर्जा लागते. थोडाफार सराव असलेला माणूस १३० वॅट इतकी ताकद सलग लावत राहिला तर त्याला या १०० मीटरांसाठी दहा मिनिटं लागतात. म्हणून सूत्र सोपं ठेवायचं: सपाट रस्त्यावर तेवढ्या अंतराला जो वेळ लागला असता त्यात दर १०० मीटर चढाईला १० मिनिटं मिळवायची. ताशी २० किलोमीटरने जाणाऱ्याला ४० किलोमीटर आणि ६०० मीटर चढाईचा मार्ग तीन तासांचा, थांबे वेगळे. उतारावर वाचणारा वेळ यात मुद्दामच धरलेला नाही. नवख्या माणसाने उतारावर वेळ भरून काढायला जाऊच नये.

कोमूट, स्ट्राव्हा, राइड विथ जीपीएस अशी ॲप वापरलीत तर एकाच मार्गाची चढाई प्रत्येकात थोडी वेगळी दिसेल. उंचीची माहिती कुठून घेतली आणि ती कितपत गुळगुळीत केली यावर ते अवलंबून असतं. बोगदा असेल तर कधी कधी बोगद्याऐवजी त्याच्या डोक्यावरच्या डोंगराची उंची धरली जाते, खोल दरीवरच्या पुलाच्या बाबतीत दरीच्या तळाची. कडेकपारीतून कोरलेल्या रस्त्यावरही असा घोळ होतो. कुठलंही एक ॲप धरून ठेवा, म्हणजे निदान तुमची तुलना तरी खरी राहील.

२. सरासरीवर विसंबू नका

चढाची तीव्रता टक्क्यांत सांगतात. १०० मीटर पुढे गेल्यावर रस्ता ६ मीटर वर गेला तर चढ ६ टक्के. साधारण ३ टक्क्यांपर्यंत गिअर बदलला की भागतं. ४ ते ६ टक्क्यांवर शेजारच्याशी बोलत बोलत चढता येतं. ७ च्या पुढे वाक्यं तुटायला लागतात, आणि १० च्या पुढे बोलणं थांबतं.

आता हे उदाहरण बघा. ६ किलोमीटरचा घाट आहे आणि एकूण ३०० मीटर चढायचं आहे. सरासरी ५ टक्के, म्हणजे ऐकायला सोपा. पण मध्ये २ किलोमीटर सपाट पठार असेल तर तेच ३०० मीटर उरलेल्या ४ किलोमीटरमध्ये चढायचे, म्हणजे साडेसात टक्के. त्या पठारावर थोडा उतार असेल तर हिशेब आणखी कडक होतो. घाटाची सरासरी विचारू नका. त्यात ८ टक्क्यांच्या वरचा सगळ्यात लांब सलग तुकडा किती आहे आणि तो कुठे येतो, हे शोधा. पायथ्याशी आला तर सोसतो, माथ्याजवळ दमलेल्या पायांवर आला तर तोच तुकडा दुप्पट वाटतो.

ॲपमधला उंचीचा आलेख वाचताना उभ्या रेषेवरचे आकडे आधी बघा. स्क्रीनवर मावावं म्हणून उंची ताणलेली असते, त्यामुळे ४० मीटरचा उंचवटाही सुळक्यासारखा दिसतो आणि माणूस उगाच घाबरतो. उलट लांबलचक मार्गात ८०० मीटरचा डोंगर दबून जातो.

३. रस्ता डोंगरात कसा शिरतो ते वाचा

हा भाग मला सगळ्यात आवडतो, आणि इथे घातलेला प्रत्येक तास रस्त्यावर वसूल होतो. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दाखवणारा नकाशा उघडा. रेषा जितक्या जवळ जवळ, तितका डोंगर तीव्र. आता रस्ता त्या रेषांना कसा भेटतो ते बघा. रेषांना समांतर जात असेल तर तो जवळपास सपाट आहे. तिरपा कापत असेल तर सौम्य चढ. सरळ काटकोनात कापत निघाला असेल तर तो अंगावर येणारा चढ आहे, मग तो तुकडा नकाशावर कितीही लहान दिसो.

डोंगराळ प्रदेशात रस्त्यांच्या तीन जाती प्रामुख्याने दिसतात. पहिला नदीकाठचा. नदी ज्या हलक्या उताराने वाहते तोच उतार साधारणपणे रस्त्याला मिळतो, त्यामुळे नवख्यांसाठी दरीतून वर जाणारा असा रस्ता उत्तम. दुसरा डोंगराच्या धारेवरून जाणारा. एकदा वर पोचलात की दोन्ही बाजूंना दृश्य मोकळं मिळतं, पण रस्ता सतत खालीवर होतो आणि वाऱ्याला आडोसा नसतो. तिसरा रस्ता डोंगररांगांना आडवा छेदत जातो. एक रांग चढायची, खाली नदीपर्यंत उतरायचं, पुढची रांग चढायची, आणि हे परत परत. यातला एकही चढ मोठा नसतो म्हणून आलेखावर हा मार्ग निरुपद्रवी दिसतो, पण पाय संपवण्यात याच्यासारखा दुसरा नाही. लय सापडतच नाही. पहिल्या फेऱ्यांत हा तिसरा प्रकार टाळाच.

रस्ता कोणासाठी बांधला गेला होता यावरूनही बरंच कळतं. आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही, म्हणून बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर केलेल्या सायकलवाटा क्वचितच ३ टक्क्यांच्या वर जातात. घोडागाड्यांसाठी बांधलेले जुने घाटही सायकलला मानवतात. आल्प्समधला स्टेल्व्हिओचा घाट १८२० ते १८२५ या काळात बांधला गेला. तो २,७५७ मीटर उंचीवर जातो, एका बाजूला ४८ हेअरपिन (जवळजवळ उलट दिशेला फिरणारी) वळणं आहेत, आणि तरीही त्या बाजूचा सरासरी चढ साडेसात टक्क्यांच्या आतच राहतो. इतकी वळणं घेतली आहेत ती चढ आटोक्यात ठेवण्यासाठीच. त्यामुळे नकाशावर नागमोडी रेघ दिसली की घाबरू नका. वस्तीला किंवा शेताला जोडणारी, सरळ डोंगरावर चढणारी आखूड रेघ दिसली की मात्र सावध व्हा.

४. फेरी गुंफताना उतार आधी ठरवा

फेरीची दिशा ठरवताना बहुतेक जण चढाकडे बघतात. माझा आग्रह उलटा आहे. आधी कुठल्या रस्त्याने उतरायचं ते ठरवा, कारण चढताना तुमचा वेग ताशी ८ किलोमीटर असतो आणि उतरताना सहज ४०. खड्डा, वाळू, आंधळं वळण, समोरून येणारी गाडी हे सगळं ८ च्या वेगात निस्तरता येतं. ४० च्या वेगात तेच हाडावर बेततं. म्हणून अरुंद, खडबडीत, वळणावळणाचा रस्ता चढायला घ्या आणि रुंद, गुळगुळीत, दूरवर दिसणारा रस्ता उतरायला ठेवा. त्यासाठी चढ एखाद-दोन टक्क्यांनी तीव्र झाला तरी पत्करावा.

बाकीच्या गोष्टी त्यानंतर. मोठा चढ पहिल्या अर्ध्यात असावा, पण अगदी निघाल्या निघाल्या नको. अंग गरम व्हायला २०-२५ मिनिटं सपाट किंवा हलका रस्ता हवा. शेवटचे ८-१० किलोमीटर सोपे असावेत. दमलेला माणूस चढावर फार तर थांबतो, पण उतारावर आणि रहदारीत त्याचं लक्ष उडतं, आणि ते वाईट.

फेरीचा आकार इंग्रजी आठच्या आकड्यासारखा ठेवता आला तर नवख्यांसाठी त्याहून चांगलं काही नाही. दोन लहान वर्तुळं, मध्ये एक सामाईक ठिकाण. पहिलं वर्तुळ झाल्यावर अंगात दम असेल तर दुसरं, नसेल तर घर. मोठी एकच फेरी असेल तर तिच्यात निदान दोन ठिकाणी मधूनच परतायची वाट आहे का ते बघून ठेवा. पाणी कुठे मिळेल ते नकाशावर खुणावून ठेवा. माथ्यावर सहसा मिळत नाही.

वाऱ्याचंही एक गणित आहे. स्वच्छ उन्हाच्या दिवशी डोंगरउतार तापतात, हवा वर सरकते आणि दुपारी दरीतून वरच्या दिशेने वारा वाहू लागतो. रात्री तो उलटतो. म्हणजे सकाळी दरीतून वर गेलात आणि दुपारी त्याच दरीतून खाली परतलात तर परतीला वारा तोंडावर येणार. उतार असूनही पायडल मारावं लागतं तेव्हा लोक सायकलला दोष देतात. लवकर निघा म्हणून सगळे सांगतात त्यामागे हे एक कारण आहे. दुसरं म्हणजे उष्ण आणि दमट दिवसांत डोंगरावर दुपारनंतर ढग दाटतात आणि विजा चमकतात. तेव्हा माथ्यावर असू नये.

शेवटी रस्त्याचा पृष्ठभाग. उपग्रहचित्रात आणि रस्त्यावरून टिपलेल्या फोटोंत संपूर्ण उतार एकदा डोळ्यांखालून घाला. ॲप कधी कधी जवळची वाट म्हणून बिनदिक्कत कच्च्या रस्त्यावर नेतं. मार्गाची जीपीएक्स फाइल फोनमध्ये किंवा सायकलच्या कॉम्प्युटरमध्ये आधीच उतरवून घ्या आणि नकाशा ऑफलाइन ठेवा, दऱ्यांमध्ये नेटवर्क जातं.

५. सायकल: गिअर सगळ्यात आधी

डोंगरासाठी हलकी सायकल हवी हा समज खर्चिक आहे. ८० किलोमधले २ किलो कमी केले तर अडीच टक्के फरक पडतो. योग्य गिअर बसवला तर गुडघे वाचतात.

समजा ७ टक्क्यांच्या चढावर तुम्ही १३० वॅटने चाललात. वेग ताशी ८ किलोमीटरच्या आसपास राहील. पुढची, म्हणजे पायडलजवळची, चकती ३४ दातांची आणि मागची सर्वांत मोठीही ३४ ची असेल तर पायडल मिनिटाला ६३ वेळा फिरेल. हे जमतं. मागे २८ असेल तर ५२ वेळा. पुढे ३९ आणि मागे २५ अशी जुन्या शर्यतीच्या सायकलींतली जोडी असेल तर फक्त ४१ वेळा. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर जवळपास दीडपट जोर. दुकानात सायकल बघताना रंगाआधी हे दोन आकडे विचारा: पुढची सर्वांत लहान चकती किती दातांची आणि मागची सर्वांत मोठी किती. दोन्ही सारखे असतील, किंवा पुढचा आकडा मागच्याहून लहान असेल, तर सायकल डोंगरासाठी ठीक. असलेल्या सायकलला मोठी कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) बसवायची तर मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, तेवढे दात झेलू शकतो का हे मेकॅनिककडून तपासून घ्या, कधी कधी तोही बदलावा लागतो.

हलका गिअर वापरणं म्हणजे कमीपणा, असं अजूनही काही जण मानतात. फ्रान्सच्या जगप्रसिद्ध टूर शर्यतीतही १९३७ पर्यंत डिरेलरला बंदी होती. तोवर शर्यतपटूंना घाटाच्या पायथ्याशी उतरून मागचं चाक काढून उलटं बसवावं लागे, म्हणजे दुसऱ्या बाजूची हलक्या गिअरची चकती मिळे. बंदी उठली तेव्हा सगळ्यांनीच गिअर घेतले. तुम्ही तर फिरायला निघाला आहात.

टायर शक्यतो २८ ते ३२ मिलिमीटर रुंदीचे घ्या. खडबडीत उतारावर त्यांची पकड आणि आराम दोन्ही बरे पडतात. हवा टायरच्या कडेला छापलेल्या मर्यादेत ठेवा, आणि ती मर्यादा गाठायलाच हवी असं समजू नका, पूर्ण टणक टायर खडीवर उडतो. सीटची उंची पाहायची सोपी रीत: सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा, पायडल सर्वांत खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग नेहमीसारखं चवडा ठेवून चालवताना गुडघ्यात हवा तेवढा बाक राहतो.

ब्रेक निघायच्या आदल्या दिवशी तपासा, त्याच सकाळी नको. लिव्हर पूर्ण दाबल्यावर हँडलला टेकत असेल तर तशा सायकलवर घाट उतरायचा नाही. पॅडवरच्या खाचा झिजून सपाट झाल्या असतील तर पॅड बदला. सोबत ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, पंप, छोटं हत्यार, पुढचा-मागचा दिवा आणि एक पातळ वारारोधक जाकीट. हेल्मेटबद्दल वेगळं सांगायला नको.

६. खाणंपिणं

दीड-दोन तासांहून मोठी फेरी असेल तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं आणि साधारण अर्धा लिटर पाणी, उकाडा असेल तर जास्त. पहिला घास भूक लागण्याआधी, साधारण पाऊण तासाने घ्या. तीव्र चढावर चावता येत नाही, धाप लागलेली असते. म्हणून मोठा चढ सुरू व्हायच्या १५ मिनिटं आधी, सपाट रस्त्यावरच खाऊन घ्या.

७. चढ चढताना

चढाची पहिली दोन मिनिटं सगळं ठरवतात. पायथ्याशी माणूस ताजातवाना असतो, वेग अंगात असतो, आणि तो जोरात शिरतो. एका किलोमीटरनंतर खांदे कानांपर्यंत चढलेले, हँडल घट्ट आवळलेलं, पुढचं चाक डावी-उजवीकडे झोकांड्या खातंय, असं दृश्य दिसतं. त्यानंतर कितीही सावकाश गेलं तरी तो दम परत येत नाही. म्हणून पायथ्याशी तुम्हाला जो वेग सहज वाटतो त्याहून हळू सुरू करा. मागच्यांना पुढे जाऊ द्या. निम्मा घाट झाल्यावर वाढवायचं ते वाढवा.

गिअर चढ लागण्याआधी बदला. चढ लागल्यावर पायडलवर पूर्ण वजन असतं, त्या ताणात चेन हलवली की कडकड आवाज होतो आणि चेन घसरते किंवा अडकते. बदलतानाची क्रिया अशी: चढाच्या अलीकडे दोन-तीन मीटरवर एकदा जरा जोरात पायडल मारा, त्या वेगावर अर्धा फेरा पाय हलका सोडा, त्याच क्षणी लिव्हर दाबा, चेन बसल्याचा हलका आवाज आला की पुन्हा जोर. पुढची चकती आधी बदलून घ्या, मागचे गिअर नंतर एकेक करून. हे सपाट रस्त्यावर दहा-वीस वेळा करून बघितलं की हात आपोआप शिकतात.

बसून चढणं हाच मुख्य मार्ग. उभं राहून चढताना ताकद मिळते पण शरीर स्वतःचंच वजन पेलत असतं, नाडी वाढते. तीव्र वळणावर दहा-पंधरा फेरे, किंवा पाठ आखडली म्हणून, एवढ्यासाठी उभे राहा. उठण्याआधी एक गिअर जड करा, नाहीतर पाय एकदम खाली जातो आणि सायकल मागे ढकलली जाऊन मागच्याच्या चाकाला लागते.

हात हँडलच्या वरच्या भागावर सैल, कोपर किंचित वाकलेले, छाती मोकळी. नजर चाकापुढे दोन मीटरवर न ठेवता वीस मीटरवर ठेवा. श्वास सोडण्याकडे लक्ष द्या, घेणं आपसूक होतं. पूर्ण वाक्य बोलता येतंय का, हे दर काही मिनिटांनी तपासा. येत नसेल तर गिअर हलका करा. गिअर उरलाच नसेल तर वेग कमी करा. वेगही उरला नसेल तर रस्त्याच्या कडेला, वळणापासून दूर, थांबा. उतरून सायकल हातात धरून चालण्यात काहीही गैर नाही. दोन मिनिटं चाललं तर नाडी खाली येते आणि पुढचा घाट चढता येतो.

हेअरपिन वळणावर आतली कड सर्वांत तीव्र असते. मागून-पुढून काही येत नसेल आणि पुरेसं दिसत असेल तर आपल्याच मार्गिकेत जरा बाहेरून वळा, चढ लगेच सौम्य लागतो. तीव्र चढावर पुन्हा सायकल सुरू करायची असेल तर रस्त्याला थोडं तिरपं उभं राहून, रहदारी पाहून, निघा.

सोबत कोणी असेल तर चढावर प्रत्येकाने आपल्या गतीने जावं आणि ठरलेल्या ठिकाणी भेटावं. वेगवान माणसाने रेंगाळणं आणि सावकाश माणसाने धावणं, दोन्हींत दोघांचेही पाय जातात. वाट बघणाऱ्यांनी शेवटचा पोचल्याबरोबर निघायचं नाही. त्यालाही विश्रांती हवी असते, खरं तर त्यालाच जास्त हवी असते.

८. माथ्यावर पाच मिनिटं

उंची दर १,००० मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. त्यात अंग घामाने ओलं आणि पुढे ताशी ४० चा वारा. बोटं बधिर झाली की ब्रेक नीट दाबता येत नाही, म्हणून थंडी वाजायच्या आधीच जाकीट घाला आणि त्याची झिप ओढून घ्या, फडफडणारं कापड त्रास देतं. काही खा. दोन्ही ब्रेक दाबून बघा, चाकांची पटकन उघडणारी कडी घट्ट आहे का पाहा.

९. उतार

हात खाली, हँडलच्या वाकलेल्या भागात. तिथून ब्रेकवर पकड सर्वांत जास्त मिळते आणि वजनही खाली येतं. एक-दोन बोटं कायम लिव्हरवर. कोपर आणि गुडघे सैल, पायडल समांतर, खड्ड्यावर अंग सीटवरून किंचित उचललेलं. थांबवण्याची जास्त ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते, पण तो झटक्यात न दाबता वाढत्या जोराने दाबायचा आणि अंग मागे सरकवायचं. मागचा ब्रेक सोबतीला.

वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतर थांबायला लागणारं अंतर चौपट होतं. उतारावर त्याहूनही वाढतं, ओल्या रस्त्यावर आणखी. म्हणून नियम एकच: जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता आलं पाहिजे. वळणापलीकडे काही दिसत नसेल तर तिथे कोणी उभं आहे असंच समजून उतरा.

आता एक हेअरपिन वळण सावकाश बघू. वळण दिसलं की सरळ रस्त्यावर असतानाच ब्रेक लावून वेग उतरवा, इतका की वळणात ब्रेकची गरजच पडू नये. गिअरही इथेच हलका करा, बाहेर पडताना पाय तयार मिळतात. आपल्या मार्गिकेच्या बाहेरच्या कडेशी या. बाहेरच्या बाजूचं पायडल पूर्ण खाली, त्या पायावर वजन. नजर वळणाच्या शेवटाकडे फिरवा, डोकं वळवून. सायकल नजरेमागे जाते, कठड्याकडे बघत राहिलात तर कठड्याकडेच जाते. सायकल आत कलू द्या, ब्रेक सोडलेला. शेवट दिसला की सायकल हळूहळू सरळ करा. संपूर्ण वळणात मधली रेषा ओलांडायची नाही. बंद रस्त्यावर शर्यतपटू ती ओलांडतात, कारण त्यांच्या समोरून कोणी येत नसतं.

सावलीतली वळणं उशिरापर्यंत ओली राहतात, शेवाळ धरतात. पावसानंतर खडी वाहून वळणाच्या आतल्या बाजूला साचते. पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं, पानगळ यांवर झुकलेल्या सायकलने ब्रेक लावू नका. अशी जागा आलीच तर सायकल उभी ठेवून सरळ ओलांडा.

लांब उतारावर ब्रेक तापतात. ८० किलो वजन ३०० मीटर खाली येताना सुमारे २३५ किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. वेग जितका कमी ठेवाल, तितका त्यातला जास्त भाग उष्णता बनून ब्रेकमध्ये जातो. रिमवर दाबणारे ब्रेक सतत घासत ठेवले तर रिम तापून ट्यूब फुटू शकते. डिस्क तापली तर लिव्हर सैल पडल्यासारखी वाटते आणि पकड कमी होते. सतत हलका ब्रेक धरून ठेवण्याऐवजी काही क्षण नेटाने दाबा, मग सोडा, हवा लागू द्या, पुन्हा दाबा. इतकं करूनही हात भरून आले किंवा जळका वास आला तर रुंद जागी थांबा आणि गार होऊ द्या. डिस्कला बोट लावू नका, चटका बसतो.

कधी कधी वेगात पुढचं चाक थरथरायला लागतं. तेव्हा हँडल आवळावंसं वाटतं, आणि त्याने थरथर वाढते. दोन्ही गुडघ्यांनी फ्रेमची वरची नळी घट्ट दाबा, हात सैल करा, आणि ब्रेक हळूहळू लावत वेग कमी करा.

सोबत्यांमध्ये उतारावर मोठं अंतर ठेवा, निदान पाच-सहा सेकंदांचं. मागून गाडी आली आणि रस्ता अरुंद असेल तर सुरक्षित जागा बघून तिला पुढे जाऊ द्या. आंधळ्या वळणाच्या तोंडाशी मात्र अगदी कडेला सरकू नका. जागा दिसली की मागचा चालक तिथूनच ओलांडायचा प्रयत्न करतो.

१०. पुढच्या फेऱ्या

एका वेळी एकच गोष्ट वाढवा. अंतर वाढवलं तर चढाई तीच ठेवा, चढाई वाढवली तर अंतर तेच. नवा तीव्र घाट करायचा असेल तर तो लहान फेरीत करा. घरी आल्यावर ॲपमध्ये दोन ओळी लिहून ठेवा: कुठल्या किलोमीटरला पाय संपले, कुठल्या वळणावर रस्ता खराब होता, पाणी कुठे मिळालं. पुढची फेरी आखताना हे तुमचंच टिपण कुठल्याही तयार मार्गापेक्षा जास्त कामाला येतं. लांब उतार झाला असेल तर ब्रेक पॅड काढून बघा, त्यात खडीचे किंवा धातूचे बारीक कण रुतलेले असतात. टोकदार वस्तूने ते काढून टाका, नाहीतर रिम खरवडली जाते.

आवडलेला मार्ग उलट्या दिशेने करून पाहायची इच्छा होईल, आणि दृश्य खरंच वेगळं दिसतं. त्याआधी जो रस्ता चढला होता तो आता उतरायचा आहे हे लक्षात घेऊन त्याच्याकडे पुन्हा बघा. चढताना ज्या खड्ड्यांना सहज वळसा घातला होता ते आता वेगात समोर येणार आहेत. तो रस्ता उतरण्याजोगा वाटला नाही तर दिशा तीच ठेवा आणि फक्त शेवटचा सपाट भाग बदलून घ्या.